तोंड उघडा, बघू द्या: गडीमाणसांच्या कर्करोगाची गोष्ट

मागच्या वेळी आपण बायकांच्या दोन कर्करोगांबद्दल बोललो, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या. त्यानंतर गटांच्या बैठकांत एकच प्रश्न परत परत आला. "ताई, आमची तपासणी झाली, पण आमच्या माणसांचं काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही समन्वयक गटांच्या वह्या बघतो, तेव्हा कर्जाच्या कारणापुढे 'दवाखाना' हा शब्द किती वेळा येतो ते आम्हांला दिसतं. एखाद्या घरात कर्त्या माणसाला कर्करोग निघाला की गटाचं कर्ज पहिलं, मग दागिना, मग शेताचा तुकडा, हा क्रम ठरलेला. आणि बहुतेक घरांत दुखणं कळतं ते पार पुढे गेल्यावर.

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, रोगाला कसला इतिहास? पण पुरुषांचे कर्करोग कुणाला कसे दिसले, हे कळलं की आपण काय बघायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात लांबून, इंग्लंडमधून करू. १७७५ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे शल्यवैद्य होते. तिथे घरांची धुराडी साफ करायला गरिबांची लहान पोरं आत उतरवायचे. अंगभर काजळी, आंघोळ क्वचित. ही पोरं मोठी झाली की काहींना वृषणाच्या पिशवीवर फोड यायचा आणि तो बरा व्हायचा नाही. लोकांना वाटायचं, बाहेरख्यालीचा रोग आहे. रोगी लाजून गप्प, वैद्यही तेच धरून चाललेले. पॉट यांनी सांगितलं की हा कर्करोग आहे आणि तो काजळीमुळे होतो. माणसाचा धंदा आणि त्याचा कर्करोग यांची जोड कुणीतरी पहिल्यांदा नीट घातली ती इथे. त्या पोरांच्या लाजेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

आता आपल्याकडे. तंबाखू हे आपल्या मातीतलं पीक नव्हे. ते अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलं. १६०४-०५ च्या सुमारास अकबर बादशहाचा असद बेग नावाचा सरदार विजापूरला आला होता. विजापूर म्हणजे आपल्या सोलापूरच्या शेजारचंच. तिथे त्याला तंबाखू दिसली. त्याने ती नळीसकट आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले, हकिमाने अडवलं, पण दरबारातल्या बाकीच्यांनी चव घेतली ती घेतलीच. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला, ते आपल्या गावच्या पानटपरीकडे बघून ओळखा.

तीनशे-साडेतीनशे वर्षं तंबाखू अशी घराघरांत मुरली. चंचीत गेली, विडीत गेली, चुन्याबरोबर दाढेखाली गेली, भाजून मिश्री झाली. पाहुण्याला पाण्याच्या तांब्यानंतर तंबाखूची डबी पुढे करायची, हा मान झाला. ज्या गोष्टीने मान द्यायचा, तिच्यावर संशय कोण घेणार?

संशय घ्यायला मोजदाद लागते, आणि मोजायला एक जागा लागते जिथे रोगी येतील. ती जागा मुंबईत परळला झाली. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती दोराबजी टाटा पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. या मराठी माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, असं आम्हांला वाटतं.

खानोलकरांनी काय केलं? आलेल्या रोग्याचं नुसतं वय आणि नाव न लिहिता तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, कुठल्या मुलखातला आहे, हेही बघितलं. १९४४ साली त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रोग्यांचा आढावा छापला. पुढच्याच वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी दुसरा लेख लिहिला. त्यात माणसांच्या रीतीभातींतून होणारे तीन कर्करोग होते. आंध्रच्या किनाऱ्याकडे लोक चुट्टा, म्हणजे जाडी विडी, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. त्यांना टाळूला कर्करोग. बिहारकडे चुना-तंबाखू खालच्या ओठाच्या आत ठेवतात, त्यांना ओठाला. आणि तिसरा धोतराचा! कमरेला वर्षानुवर्षं धोतर घट्ट कसल्याने, घामाने आणि घर्षणाने कातडीला होणारा कर्करोग. हसू नका, पुढे डॉक्टरांना हाच प्रकार परकराच्या नाडीने बायकांच्या कमरेवरही सापडला. तो क्वचित होतो, पण नाडीच्या जागी न भरणारी जखम असेल तर ती दाखवाच.

मुद्दा असा, की जिथे गोळी ठेवली तिथेच रोग निघाला. नशिबाचा भोग म्हणून सोडून द्यावं असं त्यात काही उरलं नाही.

यानंतरची गोष्ट गावांतली आहे. दवाखान्यात येतो तो रोग वाढल्यावर. त्याच्याआधी तोंडात काय दिसतं, हे कळायला घरोघर जावं लागतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतवैद्यांनी हे काम केलं. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्याच्या गावांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली आणि १९७२ साली त्याचा अहवाल छापला. लाखभर माणसांना "तोंड उघडा, बघू द्या" म्हणायचं! आम्हांला एका वस्तीत दहा जणांच्या सह्या गोळा करताना दम लागतो. अशा पाहण्यांतून एक गोष्ट पक्की झाली. कर्करोगाच्या आधी बऱ्याचदा गालाच्या आत, जिभेवर किंवा हिरडीपाशी पांढरा चट्टा येतो, कधी लाल. तो दुखत नाही. खरवडून निघत नाही. आणि तो मुख्यतः तंबाखू लावणाऱ्यांतच सापडतो. मिश्री लावणाऱ्या बायांनी, म्हणजे आपल्यातल्याच कितीजणींनी, हे स्वतःसाठीही ऐकावं.

दुखत नाही, हेच तर फसवं आहे. आमच्या एका गटातल्या ताईंचे मालक तिखट झोंबतं म्हणून वर्षभर कालवणात दही घालून जेवत होते. मग तोंड कमी उघडायला लागलं. भाकरीचा घास मोडून मोडून खायचे. एका दवाखान्यात तीन महिने ताकदीच्या गोळ्या दिल्या. कुणी बॅटरी लावून आत बघितलं नाही. तालुक्याला नेलं तेव्हा गालातून गाठ बाहेर दिसत होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण अर्धा जबडा काढला. आज ते पातळ पेज पितात आणि चारचौघांत बसत नाहीत.

तोंड कमी उघडणं हे सुपारीचं लक्षण. गालाच्या आतलं कातडं ताठ होत जातं. आपल्या देशात या दुखण्याचं वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली केलं. त्यानंतर पुड्या आल्या. गुटखा आला, मावा आला, आणि हे दुखणं कॉलेजच्या पोरांत दिसायला लागलं. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी २००४ साली जाहीर केलं. म्हणजे "मी तंबाखू नाही खात, साधी सुपारी खातो" हे म्हणणं चालायचं नाही. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पुडी कुठे मिळते, हे गावातल्या पोरांना विचारा.

घरी बघायची रीत सोपी आहे. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जायला हवीत. दोनच जात असतील तर दाखवायला न्या. मग उजेडात, बॅटरी घेऊन दोन्ही गाल, ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जीभ वर करून खालची जागा बघा. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, चट्टा, हलायला लागलेला दात, मानेत न दुखणारी गाठ, बदललेला आवाज यांतलं काहीही असलं तरी उपकेंद्र गाठा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमातलाच भाग आहे. आशाताई फॉर्म भरताना हेच प्रश्न विचारतात. पण त्या येतात तेव्हा गडीमाणूस रानात असतो.

तोंडाबद्दल आम्ही एवढं बोललो, कारण आपल्या देशातल्या पुरुषांत तोच कर्करोग सगळ्यांत जास्त होतो, आणि तोच उघड्या डोळ्यांनी दिसतो. बाकीचे आत लपतात. विडी-सिगारेटवाल्याचा खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त आलं, वजन उतरलं, तर टीबी बघाच, पण टीबी निघाला नाही किंवा औषधाने फरक पडला नाही तर छातीच्या कर्करोगासाठीही तपासा. घास छातीत अडकतो, आधी भाकरी, मग भात, मग पाणी, हा अन्ननलिकेचा इशारा. संडासला रक्त पडलं की आपल्याकडे मूळव्याध म्हणून जडीबुटी सुरू होते. चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली आणि रक्त दिसलं तर आतून तपासून घ्यायलाच हवं. म्हाताऱ्या माणसाला रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक होते. बहुतेक वेळा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते, पण कधी कर्करोग असतो, आणि लघवीत रक्त आलं तर थांबू नये.

आता लाजेचं. तरण्या पोराच्या वृषणात न दुखणारी गाठ, किंवा लिंगावर न भरणारा फोड, मागे न सरकणारी कातडी आणि वास, हे पुरुष कुणालाच सांगत नाहीत. लंडनच्या त्या पोरांसारखंच. बायकोला माहीत असतं, पण तीही बोलत नाही. वेळेत गेलं तर हे दोन्ही कर्करोग बरे होण्याजोगे आहेत, म्हणून हे आम्ही रेडिओवरून स्पष्ट बोलतोय. सासूबाई ऐकत असतील तर त्यांनीही ऐकावं.

बार्शीची गोष्ट राहिली. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं त्यात घेतली. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून नोंद होते. खेड्यात कागदच नव्हता. मग बार्शीच्या रुग्णालयाच्या डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने माणसं गावोगाव फिरली. सरपंचांना, शिक्षकांना, घरच्या बायांना भेटली, धोक्याच्या खुणा सांगितल्या, संशयित रोग्याला दवाखान्यात आणलं. काम मोजणीचं होतं, पण मोजता मोजता लोक लवकर यायला लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्या पायरीवर सापडण्याचं प्रमाण काही वर्षांतच वाढलं. नुसतं दारात जाऊन विचारल्याने!

पुरुषांसाठी तसाच पुरावा केरळातून आला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींत अभ्यास झाला. काही पंचायतींत घरोघर तोंडं तपासली, काहींत नाही. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे पदवीधर होते. आमच्यासारखे बी. ए., बी. कॉम. समजा. २००५ साली निकाल छापून आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत, जिथे तपासणी झाली तिथे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होते.

हे वाचल्यावर आमच्या एका ग्रामसंघाने ठराव केला. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना विनंती केली की तपासणी सकाळी न ठेवता संध्याकाळी, दूध घालायच्या वेळी, डेअरीपाशी ठेवा. गडीमाणसं तिथे रोज येतातच. पहिल्या दिवशी चौघे थांबले, बाकीचे किटल्या घेऊन हसत गेले. दुसऱ्या आठवड्यात डेअरीचे चेअरमन स्वतः आधी बसले, मग रांग लागली. दोघांना तालुक्याला पाठवलं. एकाचा चट्टा काढून तपासला, त्यात कर्करोग नव्हता. तंबाखू सोडायला सांगितली आहे, डबी सध्या त्यांच्या सुनेच्या ताब्यात आहे. दुसऱ्यांचा अहवाल पुढच्या सोमवारी येईल. त्यांच्याबरोबर गटातल्या दोघीजणी जाणार आहेत, आणि जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधारकार्डाच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवल्या आहेत.