लाखेच्या तबकडीचे मोल

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिहोरा रोड नावाचे स्थानक आहे. ते ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते ते सिहोरा म्हणजे तहसिलीचे ठिकाण असून, भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात याच नावाचे गाव असल्याने मराठी वाचकाची गल्लत होण्याचा संभव आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात आले, ते १९५६ पर्यंत तसेच राहिले. इतिहासात सिहोऱ्याचे नाव येते ते बहुधा गोसलपूरच्या परिसरातील लोहखनिजामुळे आणि ते मातीच्या भट्टीत गाळणाऱ्या अगरिया लोकांमुळे. परंतु या प्रांताच्या जंगलांतून निघणाऱ्या आणखी एका मालाचा माग काढत गेल्यास तो थेट ग्रामोफोनच्या तबकडीपर्यंत जाऊन पोचतो. तो माल म्हणजे लाख.

पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा सूक्ष्म किडा वस्ती करतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारख्या द्रव्याचे कवच तयार करतो. कवचाने मढलेल्या या काटक्या तोडून, खरवडून, कुटून व धुऊन जो माल हाती येतो त्याला दाणा लाख म्हणतात. तो कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून विस्तवासमोर पिळला की वितळलेली लाख कापडातून पाझरते, आणि ती ताणून पातळ पत्रा केला व थंड झाल्यावर मोडला, म्हणजे चपडी तयार होते. कुसुमावरील लाख रंगाने फिकी असल्याने तिला चढा भाव मिळे. मध्य प्रांतातील लाखेची मोठी पेठ गंगेकाठच्या मिर्झापुरास होती, आणि १८६७ साली अलाहाबाद–जबलपूर लोहमार्ग व १८७० साली त्याचा मुंबईशी सांधा पूर्ण झाल्यावर रानातला माल पेठेत आणि पेठेतला बंदरात पोचणे पुष्कळ सोपे झाले. महाराष्ट्राला लाख परिचित होती ती बांगड्यांतून, पार्सलावरच्या मोहरेतून आणि विशेषतः सोनाराच्या दुकानातून. पोकळ दागिन्यात लाख भरण्याची रीत असल्यामुळे असा दागिना मोडीत घेताना सोनार लाखेचे वजन आधी वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचेच पैसे देतो. मोल आणि वजन यांचे हे गणित तबकडीच्या बाबतीत नेमके उलटे झाले.

मिनिटाला सुमारे अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी जुनी तबकडी दगडाची बारीक पूड, काजळी, थोडा कापसाचा तंतू आणि या सर्वांना धरून ठेवणारी चपडी यांच्या मिश्रणाची असे. दगडाची पूड घालण्यात एक हेतू होता: पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासले जाऊन खाचेच्या मापाचे व्हावे, म्हणून तबकडी मुद्दाम खरखरीत ठेवली जाई. सुई प्रत्येक वादनानंतर बदलावी अशी सूचना असे. पण सुयांच्या डबीलाही पैसे पडत असल्याने तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली जाई आणि मग सुईऐवजी खाच झिजू लागे. आज उपलब्ध असलेल्या बहुतेक तबकड्यांची करडी, उजळ झालेली खाच ही या काटकसरीची खूण होय.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. ती मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, तेथे तबकड्या छापल्या जात आणि जहाजाने परत येत. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारते ते तिकडच्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाची चिठ्ठी लावावी हे कळावे म्हणून, असे सांगितले जाते. भारतातील लाख युरोपात जाऊन तेथून गाणे होऊन परत येण्याचा हा प्रकार १९०८ साली कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर संपुष्टात येऊ लागला, आणि १९२८ पासून डमडमचा कारखाना या धंद्याचे केंद्र बनला. दरम्यान बेका, ओडियन, निकोल अशा परदेशी आणि रामाग्राफ या मुंबईच्या छापाच्या तबकड्या बाजारात येऊन गेल्या. १९३५ साली मुंबईतच ‘यंग इंडिया’ हा स्वदेशी छाप सुरू झाला. यांपैकी कित्येक छाप अल्पायुषी ठरले, आणि आजच्या संग्राहकाला जास्तीत जास्त पैसे मोजावे लागतात ते बहुधा अशाच छापांसाठी.

मराठी घरात तबकडी शिरली ती प्रामुख्याने नाट्यपदांच्या रूपाने. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या दोन-अडीच रुपयांच्या आसपास मिळत. महिना तीस रुपये मिळवणाऱ्या कारकुनाला तीन मिनिटांच्या दोन बाजूंसाठी ही रक्कम मुळीच किरकोळ नव्हती. म्हणजे तबकडी मुळात महाग वस्तू होती, ती नंतर कवडीमोल झाली आणि त्याहून नंतर पुन्हा दुर्मिळ म्हणून महागली. दुर्मिळतेविषयी बोलताना हा मधला टप्पा सहसा वगळला जातो, आणि खरा इतिहास तर तेथेच आहे.

लाखेची तबकडी हातातून पडली की फुटे, दमट हवेत तिच्यावर बुरशी चढे, उन्हात ती वाकडी होई. पण केवळ अपघातांनी एवढा नाश झाला नसता. दुसऱ्या महायुद्धात लाख युद्धसामग्रीसाठी लागू लागली, समुद्रमार्ग असुरक्षित झाले, आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठी वापरण्याच्या लाखेत सत्तर टक्क्यांची कपात करण्यात आली. जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, त्याच भुकटीतून नव्या छापण्याचा मार्ग तेव्हा कंपन्यांनी पत्करला, आणि लोकांनीही नव्या गाण्यासाठी जुने गाणे राजीखुशीने मोडीत दिले. पुढे व्हिनाइल या कृत्रिम द्रव्याची दीर्घवादन तबकडी आली (अमेरिकेत १९४८ साली), मग कॅसेट आली, आणि लाखेच्या तबकड्या माळ्यावर, तेथून पुण्याच्या रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात गेल्या. काही घरांत त्या गरम पाण्यात मऊ करून त्यांची फुलदाणी केली गेली. विकत घेणाऱ्याने आज मोजलेल्या रकमेत या सर्व मोडतोडीचा हिशेब असतो.

जाणकार संग्राहक तबकडी घेताना प्रथम ती उजेडाकडे तिरपी धरून खाचेची झीज पाहतो, मग एका बोटावर तोलून नखाने हलकेच टिचकी मारतो: अखंड तबकडी किंचित घुमते, चीर असलेली बोदा आवाज देते. त्यानंतर चिठ्ठीच्या कडेला कोरलेला साचा-क्रमांक वाचला जातो, कारण तेच गाणे त्याच गायकाने दोनदा मुद्रित केलेले असू शकते आणि त्यांपैकी एकच दुर्मिळ असते. अब्दुल करीम खाँ यांची १९०४–०५ च्या सुमाराची मुद्रणे आणि १९३० नंतर ओडियनसाठी झालेली मुद्रणे यांच्या बाजारभावात जे अंतर आहे, ते गायकीच्या गुणवत्तेचे नसून शिल्लक प्रतींच्या संख्येचे आहे. गायकी तर उलट दुसऱ्या संचात अधिक स्पष्ट ऐकू येते. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत, त्यामुळे या बाजारात त्यांना भावच नाही. हा बाजार कलेचे मूल्यमापन करतो असे मानणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

जमैका बेटावरच्या रेगे संगीताच्या तबकड्या आज जगभर चढ्या भावाने विकल्या जातात, आणि त्यांची कथा वरवर वेगळी असली तरी आतून फारशी निराळी नाही. किंग्स्टनमध्ये मोठाले कर्णे लावून नाचाचे कार्यक्रम करणारे, ज्यांना तेथे साउंड सिस्टिम म्हणत, ते प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये म्हणून तबकडीवरची चिठ्ठी खरवडून टाकत. अशीच साउंड सिस्टिम चालवणाऱ्या कॉक्सन डॉड यांनी विलिस जॅक्सन यांच्या एका अमेरिकी वाद्यगीताला स्वतःचे नाव देऊन ते कित्येक दिवस असे लपवले होते. पुढे स्थानिक मुद्रणे होऊ लागली तरी थोड्याच प्रती छापून त्या चिठ्ठीविना वाटण्याची पद्धत राहिली. तेथे दुर्मिळता व्यवसायाचे हत्यार म्हणून जाणूनबुजून निर्माण केली गेली. येथे ती दुर्लक्षातून आपोआप झाली. पैसे मोजणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच पडतात.

भारतातील दुर्लक्षाचे एक विलक्षण उदाहरण असे की, युरोप-अमेरिकेत लाखेची तबकडी केव्हाच बंद झालेली असताना डमडमच्या कारखान्यात ती साठीच्या दशकातही छापली जात होती, कारण येथील कित्येक घरांत चावीचा जुना फोनोच होता. त्यामुळे इंग्लंडच्या बीटल्स या चमूची गाणीही भारतात लाखेवर छापली गेली. अशा तबकड्या येथे जुन्या सामानाच्या ढिगात पडून होत्या आणि परदेशी लिलावांत त्यांना मोठ्या किमती आल्यानंतरच त्यांचा शोध सुरू झाला. माहिती मिळाली की भाव वाढतो, हे मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या कामातूनही दिसते. डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी तिच्या द्वारे जे लेखन व सूचीकार्य केले, आणि मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील मुद्रणांची जी सूची १९९४ साली प्रसिद्ध केली, त्यामुळे अभ्यासाला पाया मिळाला. पण काय हरवले आहे हे कळल्यामुळे जे उरले आहे ते महागले, हेही तितकेच खरे.

१९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या तबकडीसाठी गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी सुचवली गेली, तेव्हा ती असलेली ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या बाजारातून नाहीशी झालेली होती, आणि बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, धूळ बसलेल्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. यान निघाल्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. त्यांचा स्वर घेऊन गेलेली तबकडी तांब्याची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे; सोनाराने वजा करावी अशी लाख तिच्यात नाही.