मोबाइल पडला तरी वाचवणारा पाऊच कसा असावा? समजून घ्या

भिवंडी म्हटलं की आधी यंत्रमाग आठवायचे, आता गोदामंही आठवतात. काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांत मालाची नोंद हातातल्या बारकोड स्कॅनरवर होते. खाली काँक्रीट आणि हातात महागडं यंत्र. ते पडलं तर? तुमच्या खिशातल्या मोबाइललाही हाच प्रश्न लागू होतो.

पडल्यावर नेमकं काय होतं?

1 मीटरवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे 4.4 मीटर वेगाने आदळते. नुकसान किती होणार, हे ती किती अंतरात थांबते यावर ठरतं. 1 मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिच्या वजनाच्या सुमारे 1000 पट बल बसतं. 10 मिलिमीटरमध्ये थांबली, तर साधारण 100 पट. फोम थांबायला ही जागा देतो. फार मऊ फोम लगेच पूर्ण दबतो, फार कडक फोम दबतच नाही. म्हणून मध्यम घनतेचा घ्यावा.

थर कोणते हवेत?

बाहेर घट्ट विणीचं, आतून कोटिंग केलेलं पॉलिएस्टर किंवा नायलॉन, मध्ये फोम आणि आत मऊ अस्तर. साधं सुती कापड पाणी शोषतं. कापड वॉटरप्रूफ असलं तरी पाणी शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून शिरतं. त्यामुळे चेनवर झाकण आणि शिलाईवर आतून टेप हवी.

कोपरे का महत्त्वाचे?

कोपऱ्यावर पडल्यास सगळा मार इवल्याशा जागेवर बसतो. अमेरिकी लष्कराच्या 'मिल-एसटीडी-810जी' मानकातल्या एका चाचणीत वस्तू 1.22 मीटरवरून 26 प्रकारे पाडतात: 6 बाजू, 12 कडा आणि 8 कोपऱ्यांवर. पाऊच शिवतानाही कोपऱ्यांत फोम तुटक ठेवू नका.

माप कसं घ्यायचं?

रुंदी + जाडी + फोमच्या जाडीची चौपट, हे सूत्र लक्षात ठेवा. मोबाइल 8 सेंटिमीटर रुंद, 1 सेंटिमीटर जाड आणि फोम 5 मिलिमीटरचा असेल, तर 8 + 1 + 2 = 11 सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी 1-1 सेंटिमीटर धरा. म्हणजे बाहेरच्या कापडाचा प्रत्येक तुकडा 13 सेंटिमीटर रुंद कापायचा. पाऊच सैल झाला तर मोबाइल आतच आपटतो.

ही काळजी घ्याच

फोम उष्णताही अडवून ठेवतो. त्यामुळे पाऊचमध्ये ठेवून चार्जिंग करू नका. भिजलेला मोबाइल आत बंद करू नका, ओल तिथेच कोंडते. आणि मोबाइलची मागची बाजू फुगलेली दिसली, तर तो पाऊचमध्ये दाबून बसवू नका. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते. असा मोबाइल वापरणं थांबवा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. पाऊच धक्क्यापासून वाचवतो, बिघडलेल्या बॅटरीपासून नाही.