जीवपटलाचा विद्युत् शोध
जीवपटलाचा विद्युत् शोध : पृष्ठभागाला चिकटून आणि स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत द्रव्यात गुरफटून वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या थरास जीवपटल म्हणतात. दातांवरील कीट व ओढ्यातील दगडांवरचा निसरडा थर ही त्याची परिचित उदाहरणे होत. मूत्रनलिका, कृत्रिम सांधा किंवा हृद्‌गतिकारक यांवर असे पटल दाट झाले, तर ते प्रतिजैविक औषधांना सहसा दाद देत नाही व पुष्कळदा ती वस्तूच शरीरातून काढावी लागते. म्हणून पटल पातळ असतानाच त्याचा सुगावा लागणे इष्ट असते.

पृष्ठभागावरील वाढीचा ओळख पटविण्यासाठी उपयोग करण्याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. १८९६ मध्ये तेथे प्लेगची साथ सुरू झाल्यावर वाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार करण्याचे काम हाती घेतले. मांसरसाच्या चंबूत त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढत आणि गुहेच्या छतास लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे तंतू द्रवात उतरत. चंबूला धक्का लागला की ते तुटून तळाशी बसत. त्यामुळे चंबू अगदी निश्चल ठेवावे लागत. ही लोंबती वाढ प्लेगजंतूची खूण मानली जाई. लस सिद्ध झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. येथे तुपाचा थेंब हाच शोधक होता आणि वाचन करणारे साधन म्हणजे डोळा.

डोळ्याची मर्यादा मात्र मोठी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल (आता पाकिस्तानात) येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब पुढे प्रकाशात आली. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. जंतू कोठे व केव्हा शिरले याची साक्ष देणारे साधन त्या काळी हाताशी असते, तर ही पाच वर्षे वाया गेली नसती.

योगायोग असा की, परळची प्रयोगशाळा ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १८९९ मध्ये, जी. एन्. स्ट्यूअर्ट यांनी जंतूंच्या वाढीमुळे संवर्धक द्रवाची विद्युत् संवाहकता बदलते, असे दाखविले होते. जंतू मोठ्या रेणूंचे लहान व विद्युत् भारित तुकडे करतात आणि द्रवातून प्रवाह अधिक सुलभतेने वाहतो. या तत्त्वावरील उपकरणे प्रचारात येण्यास १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले. तीही द्रवातील एकूण वाढ मोजत. भिंतीला चिकटलेल्या पटलाविषयी ती थोडेच सांगत.

ही उणीव गंभीर का, ते दरम्यानच्या संशोधनातून उमगले. ए. टी. हेन्रीसी यांनी १९३३ मध्ये सरोवरात बुडवून ठेवलेल्या काचपट्ट्यांवरील वाढ अभ्यासली. क्लॉड झोबेल यांनी १९४३ मध्ये घन पृष्ठभागाचा समुद्रजलातील जंतूंच्या क्रियाशीलतेवर होणारा परिणाम दाखविला. जे. डब्ल्यू. कॉस्टर्टन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये हा विचार व्यापक रूपात मांडला. द्रवाचा नमुना जवळजवळ निर्मळ असताना नळीची आतील बाजू जंतूंनी भरलेली असू शकते. तेव्हा शोधकच पृष्ठभाग असावा, हे ओघाने आले. विद्युत् अग्र ही अट पुरी करते.

अग्रावर अल्प प्रत्यावर्ती दाब देऊन संरोध मोजला, तर पेशी व चिकट द्रव्य यांनी व्यापलेल्या भागामुळे अग्र व द्रव यांच्या सीमेवरील धारकता आणि रोध बदललेले आढळतात. सपाट अग्रावर हा बदल क्षीण असतो. कार्बनाचे नमदे, फेस किंवा सच्छिद्र सोने वापरल्यास तेवढ्याच आकारमानात पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. सच्छिद्र सोने करण्याची एक रीत सोने शोधणाऱ्या कारागिरांना नवी वाटणार नाही : सोने व चांदी यांच्या मिश्रधातूतून तेजाबाने (नायट्रिक अम्लाने) चांदी विरघळवितात व मागे सोन्याची जाळी उरते.

तथापि छिद्रे अधिक तितका शोधक चांगला, असे सरसकट म्हणता येत नाही. आर्. दे लेव्ही यांनी १९६३ पासून मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रत्यावर्ती प्रवाह छिद्रात किती खोल पोहोचतो ते कंप्रतेवर अवलंबून असते. उच्च कंप्रतेस तो तोंडापाशीच संपतो, नीच कंप्रतेस तळापर्यंत जातो. त्यामुळे निरनिराळ्या कंप्रतांना मापन केल्यास पटल तोंडाशी आहे की आत, याचा अंदाज बांधता येतो. दुसरा प्रश्न मापाचा. जंतू साधारणपणे एक मायक्रोमीटर आकाराचा असतो. त्याहून पुष्कळ बारीक छिद्रांत तो शिरूच शकत नाही. नमद्याच्या तंतूंमधील रुंद पोकळ्यांत तो वस्ती करतो. बारीक छिद्रांचा उपयोग वेगळा आहे : जंतूंनी सोडलेले लहान रेणू त्यांत शिरतात, तर मोठी प्रथिने बहुतांशी बाहेर राहतात. जखमेच्या पट्टीला निळसर हिरवा रंग आणणाऱ्या स्यूडोमोनस एरुजिनोजा या जंतूचे पायोसायनीन हे रंगद्रव्य असेच आहे. क्षपण व ऑक्सिडीभवन सहज होत असल्याने ते अग्रावर ठरावीक विद्युत् दाबास प्रवाहाचे शिखर देते. रंग डोळ्यांस दिसण्यापूर्वीच ते असे हुडकता येते. मात्र या रंगद्रव्याची निर्मिती न करणारे जंतू या रीतीने सापडत नाहीत.

रक्त, लघवी व पू यांतील प्रथिने जंतूंच्या आधीच अग्रावर बसतात आणि पटलासारखाच संरोध दाखवितात, ही मुख्य अडचण आहे. शिवाय जंतूंना वस्तीस सोयीची असलेली पोकळी धुऊन निर्जंतुक करणे कठीण जाते. शीतन-जलवाहिन्यांत अगंज पोलादाची, सच्छिद्र नसलेली अग्रे विसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात आली. रुग्णशय्येजवळील उपयोगासाठी सच्छिद्र अग्रांवरील काम मुख्यतः प्रयोगशाळेतच चालते.