खणातला अजिंठा

मी अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स विद्यापीठात आर्ट लायब्रेरियन आहे असं सांगितलं की आत्या दर वेळी विचारते, "म्हणजे आर्ट्स साइडची पुस्तकं ना?" आत्या, तसं नाही गं. इथल्या 'लिबरल आर्ट्स'मध्ये गणितही येतं आणि भौतिकशास्त्रही. माझ्या वाट्याला आलीय ती त्यातली चित्रं, शिल्पं आणि इमारती. आणि खरं सांगू का, माझ्या कामाच्या इतिहासात पुस्तकांइतकाच मान स्लाइड्सचा आहे.

हे सगळं आज सुचायचं कारण म्हणजे परवा माझ्या टेबलावर आलेला एक कागद. तळघरातली स्लाइड्सची कपाटं रिकामी करायची, खाली सही करा.

कलेचा इतिहास शिकवायचा तर चित्र समोर हवं, आणि चित्र असतं फ्लॉरेन्सला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातच जर्मन प्राध्यापक काचेच्या स्लाइड्स पडद्यावर दाखवू लागले. १९०१ साली बर्लिनला आलेले हाइनरिक व्योल्फलिन तर दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवून तुलना करण्यासाठीच प्रसिद्ध झाले. ती पद्धत अमेरिकेतल्या कॉलेजांनी उचलली. मग या स्लाइड्स लावायला, त्यांच्यावर लेबलं चिकटवायला आणि तासाच्या आधी काढून द्यायला माणूस लागला. तीच आमची पूर्वज मंडळी. १९३०च्या दशकात कोडॅक्रोम आलं आणि पुढे काचेच्या जागी दोन इंची चौकटी आल्या. १९६१ साली कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर आला. या व्यवसायाच्या संघटना मात्र बऱ्याच उशिरा झाल्या: कला-ग्रंथपालांची १९७२ साली, स्लाइड सांभाळणाऱ्यांची १९८२ साली.

तर, सही करण्याआधी एकदा पाहून येऊ म्हणून खाली गेले. इटलीचे खण मोजता मोजता कंटाळले. भारताचा खण एकच! त्यात अजिंठा.

अजिंठ्याच्या नकलांचं नशीब तसं वाईटच. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा तेच काम केलं. १८८५ साली लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यातल्याही कितीतरी नकला जळाल्या.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना अजिंठा दिसला तो मुख्यतः स्लाइड्समधून. त्यात मोठा वाटा मिशिगन विद्यापीठातल्या वॉल्टर स्पिंक यांचा. हा माणूस आयुष्यभर अजिंठ्याच्या मागे होता. २०१९ साली ते गेले. त्यांचं म्हणणं असं, की सातवाहन काळातली जुनी लेणी सोडली तर बाकी जवळजवळ सगळं काम वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इ.स. ४६० ते ४८० एवढ्याच वर्षांत झालं. त्याआधी हे काम सातव्या शतकापर्यंत रेंगाळलं असं मानायचे. सगळ्यांना स्पिंक पटले असं नाही, पण त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची स्लाइड हातात घेतली. रंग उडून सगळं गुलाबी झालेलं. लेबलावर टाइप केलेलं, 'इ.स. ६००-६५०'. आणि त्याच्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'स्पिंक ४६०-४८०?'

माझ्या आधी इथे काम करणाऱ्या बाईंचं अक्षर. मी रुजू व्हायच्या आधीच त्या निवृत्त झाल्या होत्या. कुणी सांगितलं नसताना त्यांनी वाचलं, आणि प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलं.

२००४ साली कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं बंद केलं, आणि त्याच वर्षी आर्टस्टोर ही चित्रांची मोठी ऑनलाइन पेढी कॉलेजांसाठी खुली झाली. (२०२४ साली ती वेगळी साइटही बंद झाली, चित्रं आता जेस्टोरवर आहेत.) पद्मपाणीचं त्याहून कितीतरी चांगलं चित्र मिळतंय म्हटल्यावर आमची गुलाबी स्लाइड कोण स्कॅन करणार? कुणीच केली नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये पद्मपाणीच्या नोंदीत एकच काळ राहिला, टाइप केलेला. पाचव्या शतकातली चित्रं शोधणाऱ्या मुलाला तो सापडणारच नाही.

खरं म्हणजे शंकेला जागा आहे. २००६ सालच्या आमच्या नियमांच्या पुस्तकात वाचणाऱ्यासाठी काळ शब्दांत लिहायचा आणि शोधासाठी सर्वांत आधीचं व सर्वांत नंतरचं वर्ष वेगळं द्यायचं असं सांगितलेलंच आहे. मी बसून नोंद बदलली. आधीचं वर्ष ४६०, नंतरचं ६५०, आणि शब्दांत दोन्ही मतं, स्पिंक यांच्या नावासकट. दहा मिनिटांचं काम.

सही केली, पण एक अट घालून: टाकण्याआधी प्रत्येक लेबलाचा फोटो काढायचा. तीन आठवड्यांची मुदत मिळालीय. दोन विद्यार्थी मदतीला आहेत.

तरी मनात खुट्ट होतंच. अजिंठ्याच्या खणात काय पाहायचं ते मला कळलं, कारण मी तिकडची. एट्रुस्कन थडग्यांच्या खणातही बाईंची पेन्सिल आहे, पण तिथे त्या कशावर शंका घेतायत हे मला कळत नाही. फोटो काढतेय. पुढे कुणीतरी जाणकार येईल आणि वाचेल, एवढीच आशा.

असो. काका, तुमच्या माळ्यावर १९७०च्या दशकातल्या वेरूळ-अजिंठा सहलीच्या स्लाइड्स आहेत ना? टाकू नका. आधी चौकटीवर काय लिहिलंय ते वाचा आणि मला कळवा.