घराण्यातले कोलेस्टेरॉल

टाचेमागची कंडरा जाड होणे, पापण्यांवर पिवळसर चट्टे उठणे आणि त्याच घरातली माणसे ऐन चाळिशीत छातीत कळ येऊन दगावणे, या गोष्टी एकाच सूत्रात ओवल्या नॉर्वेतल्या कार्ल म्यूलर या वैद्याने. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्याने ऑस्लोत 17 कुटुंबांतली 76 माणसे नोंदवली. त्यांपैकी 68 जणांना हृदयविकाराची लक्षणे होती. रक्तातले वाढलेले कोलेस्टेरॉल आईकडून किंवा वडिलांकडून येते आणि हृदय पोखरते, असा त्याचा निष्कर्ष होता. पिढ्यान्‌पिढ्या ‘घराण्याचे दुखणे’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला अशी प्रथमच मोजता येणारी खूण मिळाली.

पुढचा धागा बैरूतला सापडला. नात्यातल्या लग्नांची रीत असलेल्या लेबनॉनमध्ये आवेदिस खाचादुरियन यांनी 1964 मध्ये दाखवले, की एकाच पालकाकडून दोष आला तर कोलेस्टेरॉल खूप वाढते. दोघांकडून आला तर त्याच्याही सुमारे दुप्पट होते आणि हृदयविकार बालपणीच गाठतो.

दोष नेमका कुठे, हे डॅलसमध्ये उलगडले. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी 1973-74 मध्ये हृदयाला हात न लावता रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पकडून आत ओढणारे ग्राहक असतात. दोन्हीकडून दोष आलेल्यांत ते जवळपास नव्हतेच. पकडायला कोणी नसल्याने एलडीएल रक्तातच साचते. 1985 चे नोबेल त्यांना मिळाले, ते योग्यच होते.

औषध मात्र बुरशीतून आले. जपानच्या अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासून 1973 मध्ये काँपॅक्टिन हे पहिले स्टॅटिन वेगळे केले. 1978 मध्ये ओसाकात एका 18 वर्षांच्या मुलीला ते दिले गेले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायू दुर्बळ झाले आणि मात्रा कमी करावी लागली. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, तेव्हा यकृताच्या पेशी जास्त ग्राहक तयार करतात. म्हणूनच एकाच बाजूने दोष आलेल्यांना त्याचा चांगला गुण येतो आणि दोन्हीकडून आलेल्यांना तुटपुंजा.

1987 मध्ये लोव्हास्टॅटिन या स्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. आता विशीतल्या, काहीच तक्रार नसलेल्या माणसाचे रक्त तपासण्याला अर्थ आला. एक रुग्ण सापडला की त्याची भावंडे आणि मुले तपासतात. त्यांतल्या प्रत्येकात दोष असण्याची शक्यता निम्मी असते.