आधी काय : क्रिया की क्रियेचं नाव?

मागच्या व्याख्यानात आपण यास्काच्या निरुक्तापाशी थांबलो होतो. सगळी नामे क्रियापदांपासून झाली हे शाकटायनाचे मत, आणि सगळीच तशी नाहीत हे गार्ग्याचे. जवळजवळ असाच एक वाद अरबी व्याकरणातही झाला, इराकमधल्या बसरा आणि कूफा या दोन शहरांत. आज तो पाहू.

सुरुवात आपल्याच तीन शब्दांनी करू : तहसील, महसूल, हशील. ‘भांडून काय हशील?’ असं आपण सहज म्हणून जातो. तिन्ही शब्द फारसीच्या वाटेने अरबीतून आले, आणि तिन्हींच्या पोटात ह-स-ल ही तीन व्यंजने आहेत. अर्थ, पदरात पडणे. हासिल म्हणजे जे निष्पन्न झाले ते, तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया, महसूल म्हणजे हाती आलेले उत्पन्न. व्यंजने तीच, क्रमही तोच. स्वर बदलले, पुढे ‘त’ किंवा ‘म’ लागला, की अर्थ फिरला.

क्रियापदही असंच चालतं. क-त-ब घ्या. ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले, ‘यक्तुबु’ म्हणजे तो लिहितो. पहिला स्वर लांबवून ‘कातब’ म्हटले, की त्याने कुणाशी तरी पत्रव्यवहार केला. हे साचे मोजायला अरबी वैयाकरणांनी ‘करणे’ या अर्थाचीच फ-अ-ल ही व्यंजने माप म्हणून घेतली. त्या मापाला ते वजन म्हणतात.

आता प्रश्न असा, की यातलं पहिलं कोण? ‘त्याने लिहिले’ हे क्रियापद, की ‘लिहिणे’ हे क्रियेचे नाव? या नावाला अरबीत ‘मस्दर’ म्हणतात, म्हणजे जिथून निघायचे ते ठिकाण. बसऱ्याचे पंडित म्हणत, नावातच उत्तर आहे, क्रियापद मस्दरातून निघते. शिवाय मस्दर फक्त घटना सांगतो, क्रियापद घटना आणि काळ दोन्ही सांगते. एक हे दोनाच्या आधीच असणार. कूफ्याचे म्हणत, उलट आहे. क्रियापदात बिघाड झाला की मस्दरात होतो, ते शाबूत राहिले की मस्दरही राहतो. अनुयायी कधी मूळ असतो का? बाराव्या शतकात इब्न अल-अंबारीने दोन्ही पक्षांचे असे मतभेद ‘अल-इन्साफ’ या ग्रंथात ओळीने मांडले.

गंमत बघा. आपले मराठी कोश क्रियापद ‘लिहिणे’ असे नोंदवतात, अरबी कोश ‘त्याने लिहिले’ असे. कोश उघडताना आपण नकळत एका पक्षात जाऊन बसतो.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्हाला हा वाद वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा वाटत आला. दोन्ही पक्ष उच्चारता येणाऱ्या शब्दांतच मूळ शोधत होते. पण ह-स-ल नुसते उच्चारताच येत नाही. पाणिनीचा धातूही प्रत्ययाशिवाय वाक्यात येत नाही. मग मूळ ही वैयाकरणांची निव्वळ कल्पना म्हणायची का?

तसंही नाही. टेलिफोन अरबांकडे गेला तेव्हा बोलणाऱ्यांनी त्यातून त-ल-फ-न ही चार व्यंजने वेचली आणि ‘तल्फन’, म्हणजे त्याने फोन केला, असं क्रियापद घडवलं. मूळ कानाला ऐकू येत नव्हतं, पण भाषेला ते ठाऊक होतं. आणि इथे तरी वस्तू आधी आली, क्रिया मागून. शाकटायनाला हे उदाहरण अडचणीचं झालं असतं, गार्ग्य मात्र हसला असता.

तेव्हा कोण जिंकलं, हे आपण ठरवायला नको. जग वस्तूंचं आहे की घडामोडींचं, हा प्रश्न व्याकरणाच्या दारातूनही आत येतो, एवढं लक्षात राहिलं तरी आजचं हशील पुष्कळ झालं.