चिंचोके, शिंपले आणि सीलबंद किट

माझी भाची साडेतीन वर्षांची, बोरिवलीतल्या एका प्री-स्कूलमध्ये जाते. जूनमध्ये ताईने चार हजार रुपये भरून ‘ॲक्टिव्हिटी किट’ घेतलं. त्यात प्लास्टिकची पानं, प्लास्टिकची फळं, फोमचे आकडे. ऑक्टोबरच्या पालकसभेला ताईऐवजी मी गेलो, तर सगळी किट्स वर्गातल्या कपाटात, सीलसकट. का, विचारलं तर उत्तर आलं, “मुलं पसारा करतात ना!”

त्या रात्री चिडून वाचत बसलो आणि भलत्याच गोष्टीत अडकलो. 1945 साली याच बोरिवलीत ग्रामसेविकांचं एक शिबिर झालं होतं. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गाठ पडली. ताराबाईंनी पन्नाशी ओलांडलेली. अनुताई पस्तिशीच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. त्याच वर्षी दोघींनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. मी बोरिवलीत वाढलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (आमच्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया भरपूर होत्या.)

ताराबाईंना मोंटेसरी पद्धत नवी नव्हती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिरात काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढलं. पण शहरातली साधनं महाग, आणि बोर्डीच्या मुलांकडे धड कपडेही नव्हते. मग साधनं आली समुद्रावरून आणि झाडाखालून: शिंपले, बिया, खडे, पानं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मोंटेसरीच्या दट्ट्यांच्या ठोकळ्यात चूक दाखवायची सोय साधनातच असते. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो. बाईंनी बोलायची गरजच नाही, कंपायलर एरर देतो तसं. शिंपल्यात मात्र असं काही नसतं. तो मोजायचा, लहान-मोठा लावायचा, त्याचा आकार वाळूत काढायचा, तो आला कुठून हे बोलायचं. गणित, चित्र, भाषा, निसर्ग, सगळं एकाच शिंपल्यात आहे, पण ते बाहेर काढणारं माणूस लागतं. म्हणजे साधन स्वस्त झालं आणि शिक्षिकेचं काम अवघड झालं. ताराबाईंनी शिक्षिका तयार करण्यावर एवढा जोर का दिला, ते मला इथे उमगलं.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळाच पाड्यावर जाऊन कुणाच्या तरी अंगणात बसली. तीच अंगणवाडी. आधी अंघोळ, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी, मग खेळ. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा. आपण ‘युजर रिसर्च’ म्हणून मिरवतो ते याहून वेगळं काय असतं?

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. शब्द पोचला, पण शिक्षिकेची किंमत पोचली नाही. आजही अंगणवाडी सेविकेला मिळतं ते पगार नव्हे, ‘मानधन’. तिच्याकडून पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, मोबाईलवरच्या नोंदी, सगळं हवं असतं. शिकवायचं उरलेल्या वेळात. महागड्या प्री-स्कूलचा आजार वेगळा: तिथे पैसा खोक्यावर खर्च होतो, बाईंवर नाही. त्या बाईंवर मी चिडलो होतो, पण तीस मुलं आणि मदतीला कुणी नाही, तर मीही कपाटाला कुलूपच लावलं असतं.

गेल्या रविवारी भाचीसमोर वाटीभर चिंचोके ओतले. पाच मिनिटं ती रमली. मग तिने वर बघून विचारलं, “मामा, आता काय करायचं?” मला काही सुचेना. शेवटी आजी खाली बसली, तिने एक चिंचोका फरशीवर घासून पांढरा केला आणि म्हणाली, “हा बघ, याचं एक अंग काळं, एक गोरं. आता टाक, किती गोरे पडतात?” दोघी तासभर उठल्या नाहीत. सोफ्याखालचे चिंचोके मी अजून वेचतोय.